चौतीस केमिस्ट आणि एक घसा

लाखनीत हायवेला लागून असलेलं गिऱ्हेपुंजे मेडिकल हे दुकान वासुदेवरावांचं आहे, पण भिंतीवर काचेच्या चौकटीत लटकलेलं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट ललिताबाईंचं आहे. खरं तर या एका वाक्यात सगळं आख्यान आलं. पण एका वाक्यात आख्यान आटोपणाऱ्या बुवाला गाव नारळसुद्धा देत नाही, म्हणून जरा सविस्तर.

कायदा असा की ज्याचं सर्टिफिकेट, तो माणूस दुकानात हजर पाहिजे. त्यामुळे सव्वीस वर्षं ललिताबाई काउंटरमागे हजर होत्या आणि वासुदेवराव कीर्तनांना हजर होते. मोहाडीला सप्ताह असो की दिघोरीला काला, पहिल्या रांगेत मांडी घालून, डोळे मिटून डोलणारा पांढरा सदरा दिसला की समजावं, वासुदेवराव आले. घरी परतल्यावर ते जेवता जेवता सगळं निरूपण बायकोला ऐकवायचे. ती पोळी लाटता लाटता “हो जी” म्हणायची. आपण बायकोला घरबसल्या पुण्य पोचवतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तालुक्यात औषध दुकानदारांची संघटना आहे. चौतीस सभासद, अध्यक्ष वासुदेवराव. पंचवीस सप्टेंबरला फार्मासिस्ट दिन येतो आणि दर वर्षी अध्यक्ष त्या दिवशी कीर्तन ठेवत. मागच्या वर्षी चौतिसांपैकी नऊ जण आले, त्यातले तिघे थेट पंगतीला. यंदाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी भुपेंद्र चेटुले उभा राहिला. वय तीस, आवाज मऊ, पण असे मऊ आवाजवालेच घात करतात.

“काका, राग नका मानू जी. पण यंदा ऑर्केस्ट्रा ठेवू. नागपूरचा. बावीस जण वाजवणारे, जुने सिनेमाचे गाणे.”

टाळ्या पडल्या. नुसत्या पडल्या नाहीत, लांबल्या. कीर्तनाच्या ठरावाला इतकी वर्षं कोणी हातसुद्धा एकमेकांवर घासला नव्हता. वासुदेवराव म्हणाले, “विचार करतो.” म्हणजे नाही.

घरी त्यांनी हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं. ललिताबाई मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं वेगळी काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

“खरोखरचा ऑर्केस्ट्रा? वायोलिन असते त्याच्यात?”

“असते म्हणे. आठ.”

“आठ!” त्या हातातलं पाकीट विसरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग मी येईन.”

वासुदेवरावांचा घास हातातच राहिला. ‘तुम्ही जा जी, मी पाहून घेईन’ हे त्यांनी हजारदा ऐकलं होतं. ‘मी येईन’ हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि गंमत म्हणजे, आपण कधी ‘येतेस का?’ असं विचारलंच नाही, हे त्यांना भाजीत मीठ कमी आहे हे कळावं तसं एकदम कळलं. सकाळी त्यांनी भुपेंद्रला फोन लावला.

“ठरव तुझा ऑर्केस्ट्रा. पण एक सांगून ठेवतो. पहिल्या रांगेत तुझ्या काकूची खुर्ची. जग उलथलं तरी चालेल, ती खुर्ची रिकामी राहिली नाही पाहिजे.”

जगाने हे ऐकलं आणि उलथायला सुरुवात केली.

पहिली ठेच परवानगीची. लाउडस्पीकरच्या अर्जावर कार्यक्रमाचे तीन प्रकार छापलेले: धार्मिक, राजकीय, लग्न. पोलीस ठाण्याच्या खिडकीतला माणूस समजूतदार होता. “धार्मिक लिहा ना काका. तुमच्या तोंडाकडे पाहून कोणी विचारणार नाही.” वासुदेवराव दुखावले. सिनेमाच्या गाण्यांसाठी देवाचं नाव लिहायचं? “मग लग्न लिहा. हॉल मंगल कार्यालयच आहे.” “कोणाचं लग्न?” “ते आमी नाही पुसत.” शेवटी ‘लग्न’ खोडून शाईने ‘इतर’ लिहिलं, खाडाखोडीवर सही केली, सहीवर शिक्का मागितला, आणि शिक्का होता दुकानात. दुकान तीन किलोमीटर. असे तीन दिवस.

दुसरी ठेच त्याच खिडकीत लागली. “सगळे मेडिकल बंद ठेवून राहिले का? रातबिरात कोणाले काही झालं तर? एक तरी दुकान उघडं पाहिजे जी.”

म्हणणं रास्त होतं. मीटिंग बसली. कोणाचं दुकान उघडं ठेवायचं? चौतीस माणसांना एकदम चपला शोधायची घाई झाली. भुपेंद्र म्हणाला, “असं करू. एक दुकान उघडं ठेवू, अन् आपण सगळे फार्मासिस्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा तास तिथं बसू.”

सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं त्याने भर सभेत धोतर सोडलं. केमिस्ट दुसऱ्याच्या काउंटरमागे पाय ठेवत नाही. कोणत्या कंपनीचा माल, किती माल, कोणत्या गुरुजींची शुगरची गोळी चालू आहे, हे सगळं मागच्या फळ्यांवर मांडलेलं असतं. वासुदेवरावांच्या दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे, भय्याजी निर्वाणांचं मेडिकल आहे. दोघं एकमेकांच्या घरी लग्नकार्यात आठ-आठ दिवस राबलेले, पण एकमेकांच्या काउंटरमागे? कधीच नाही.

“असं होते का कधी, भाऊ?” भय्याजी म्हणाले.

“नाही, नाही. ते नको,” वासुदेवराव सगळ्यात मोठ्याने म्हणाले.

म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने एक उचलली, उघडली, आणि त्यांचा चेहरा उतरला. गिऱ्हेपुंजे मेडिकल.

“देवाची मर्जी,” भय्याजी म्हणाले, आणि चपला घातल्या.

ललिताबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “राहू द्या. मी पाहून घेईन.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी राग गिळून रेडिओ लावला, आणि वासुदेवरावांना तो राग दिवसभर आपल्याच घशात अडकल्यासारखा वाटत राहिला.

दोन दिवसांनी त्यांना युक्ती सुचली. मंगल कार्यालय दुकानापासून पन्नास पावलांवर आहे. मोजली त्यांनी, जाताना पन्नास, येताना बावन्न. दुकान उघडंच ठेवायचं, अर्धं शटर वर, आणि बाहेर पाटी. पाटी त्यांनी स्वतः रंगवली: ‘तातडीच्या औषधासाठी पुढच्या मंगल कार्यालयात, पहिली रांग, उजवीकडून तिसरी खुर्ची, निळी साडी.’

“माझ्या साडीची जाहिरात कायले?” ललिताबाई म्हणाल्या, पण निळी साडी इस्त्रीला टाकून आल्या.

पंचवीस तारीख उजाडली. संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम. चार वाजता नागपूरहून बस आली. बावीस वाजवणारे उतरले, आठ वायोलिनच्या पेट्या उतरल्या, फुंकायचे पितळी भोंगे उतरले, आणि सगळ्यात शेवटी गळ्याला मफलर गुंडाळून सचिन उतरला. हा सचिन म्हणजे त्या ऑर्केस्ट्राचं भूषण. पुरुषाच्या आवाजात गातो आणि बाईच्याही. युगलगीत एकटाच म्हणतो, डोळे मिटले तर दोघं उभी आहेत असं वाटावं. म्हणून दुसरा गायक आणलाच नव्हता.

सचिनने वासुदेवरावांना नमस्कार केला. “काका, बसमध्ये खिडकीची हवा लागली. घसा थोडा बसला आहे. टेन्शन नका घेऊ, फक्त गरम पाणी द्या, सातपर्यंत मोकळा होते.”

हेच तो एखाद्या शिक्षकांच्या मेळाव्यात म्हणाला असता तर गरम पाणी मिळालं असतं. पण हा बिचारा चौतीस केमिस्टांच्या तावडीत सापडला होता.

बातमी पसरली. गायकाचा घसा! जो तो खिशात हात घालून नवरीच्या खोलीकडे निघाला, कारण सचिनला तिथे बसवलं होतं. एक जण आत जायचा, दार लोटायचा, बाहेर येताना ओठांवर बोट. प्रत्येकाला वाटत होतं, यजमानांच्या अब्रूचा प्रश्न आपण एकट्याने सोडवला. कोणी चघळायची गोळी दिली, कोणी घशात फवारा मारला, आणि बऱ्याच जणांनी सर्दीची गोळी दिली. आपल्याकडचीच, खात्रीची. सचिन नागपूरचा, पण संस्कारी. वडीलधाऱ्या माणसाने हातावर ठेवलेलं तो प्रसादासारखं घेत गेला.

आणि वासुदेवरावांनी? झाकायचं कशाला, त्यांनीही एक दिलीच.

सहा चाळीसला ऑर्केस्ट्राचे प्रविण मास्तर, काळा कोट, पांढरे केस, घाईघाईने आले. “अध्यक्षसाहेब, जरा या.”

नवरीच्या खोलीत सचिन गादीवर आडवा होता. हाक मारली तर “हं” म्हणायचा आणि परत घोरायचा. हलवला, तोंडावर पाणी मारलं. त्याने बाईच्या आवाजात “पाच मिनिटं, आई” म्हटलं आणि कूस बदलली.

प्रोग्राम गेला खड्ड्यात, परक्याचा पोरगा आपल्या दारात! “पांडुरंगा,” वासुदेवराव म्हणाले, आणि पन्नास पावलं तीस पावलांत पळाले.

ललिताबाई निळी साडी नेसून काउंटरपाशीच उभ्या होत्या, निघायच्या तयारीत. नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी काही विचारलं नाही. त्या आल्या, सचिनची नाडी धरली, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मफलरखालून, उशीखालून, खिशातून पाकिटं गोळा केली. त्या दिवसाच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर रिताताई नुकत्याच गाडीतून उतरत होत्या, त्यांनाही बोलावलं. दाराशी केमिस्टांची गर्दी झाली, पण पहिल्या ओळीत उभं राहायला कोणी तयार नव्हतं.

“कोणी कोणी काय दिलं?” ललिताबाईंनी विचारलं.

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

“बरं, मी सांगते,” म्हणून त्यांनी पाकिटं गादीवर ओळीने मांडली. “एक, दोन, तीन, चार, पाच. नावं पाच, कंपन्या पाच, अन् आत औषध एकच. पाच हुशारांनी एकाच माणसाले सर्दीची, झोप आणणारी तीच गोळी पाचदा दिली. आपण रोज गिऱ्हाइकाले काय सांगतो? ‘घ्या जी, नाव वेगळं, माल तोच.’ सांगतो ना? मग आज कोणालेच काहून नाही आठवलं?”

चौतीस माणसांनी जमिनीकडे पाहिलं. मग पाचव्या पाकिटावर बोट ठेवून ललिताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “हे आपल्या दुकानातलं.”

“मी... त्याले बरं वाटावं म्हणून...”

“अन् तुम्ही कोण देणारे?”

सर्टिफिकेट नसलेल्या माणसाने ते पाकीट उचलून स्वतःच्या खिशात घातलं.

डॉक्टर रिताताईंनी बीपी घेतलं, डोळे उघडून पाहिले, सचिनला दोन प्रश्न विचारले, त्याने दोन्हीला “हं” म्हटलं. तेवढी पाच-सात मिनिटं वासुदेवराव भिंतीला टेकून नामस्मरण करत होते, आणि नाम मधेच तुटत होतं. “घाबरायचं कारण नाही,” त्या म्हणाल्या. “नाडी चांगली आहे, हाक मारली की ओ देतो. झोपू द्या, उतरेल. पण एकटं सोडू नका. दर दहा मिनिटांनी नाडी बघा, हाक मारा, थोडंही वेगळं वाटलं तर मला फोन.” तेवढ्यात त्यांनाच दवाखान्यातून बाळंतपणासाठी फोन आला आणि प्रमुख पाहुण्या तशाच परत गेल्या.

“मी बसून जाईन याच्याजवळ,” ललिताबाई म्हणाल्या.

“तुम्ही कायले वहिनी? आम्ही एवढे जण आहोत,” भय्याजी पुढे झाले.

“तुमच्यापैकी कोणाले बसवलं तर अजून एक गोळी द्याल.”

भय्याजी मागे झाले. ललिताबाईंनी खुर्ची गादीजवळ ओढली. बाहेर वायोलिनवाले सूर जुळवत होते, तो आवाज भिंतीतून येत होता, आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या.

सात वाजून वीस मिनिटं. हॉलमध्ये तीनशे माणसं, बावीस वादक, गायक नाही, प्रमुख पाहुण्या नाहीत, आणि पहिल्या रांगेत उजवीकडून तिसरी खुर्ची रिकामी. वासुदेवराव त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग त्यांचा कंठ फुटला.

“भुपेंद्र! चार जण घे. नवरदेव-नवरीचा सोफा पहिल्या रांगेत आण.”

“काहून जी?”

“सचिनले सोफ्यावर आण. जिथं तुझी काकू, तिथं तो झोपंल. नाहीतर जिथं तो, तिथं तुझी काकू!”

तर असा तो लाल मखमली सोफा पहिल्या रांगेत आला. त्याच्यावर मफलर गुंडाळलेला सचिन, उशीला शाल, शेजारी तिसऱ्या खुर्चीवर ललिताबाई, उजव्या हाताची बोटं त्याच्या मनगटावर, डावं मनगट घड्याळासाठी वर. सगळं सभागृह माना उंचावून बघू लागलं. शेजारच्या धुरपताबाई, ज्यांना हळू बोलता येत नाही, त्यांनी मागून विचारलं, “मेला का जी?”

“झोपला आहे!” वासुदेवराव स्टेजवरून ओरडले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण माइकसमोर उभे आहोत.

आता काय? मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “अध्यक्षसाहेब, कीर्तनच होऊन जाऊ द्या!” लोक हसले. मग हसता हसता खरंच म्हणायला लागले, “होऊन जाऊ द्या, काका!”

वासुदेवरावांच्या अंगावर काटा आला. तीनशे श्रोते. मागे बावीस वाद्यं. आयुष्यभर पहिल्या रांगेत बसून साठवलेलं एक आख्यान अगदी जिभेच्या टोकाशी आलं. हे पांडुरंगानेच घडवून आणलं, असा विचारही मनात आला, आणि हात आपोआप टाळ धरल्यासारखे वर गेले.

तेवढ्यात त्यांचं लक्ष खाली गेलं. ललिताबाईंनी पदर नीट केला होता आणि मान किंचित हलवायच्या तयारीत धरली होती. पोळी लाटताना धरायच्या तशी. ‘हो जी’ म्हणायला.

वासुदेवरावांनी हात खाली घेतले. जिभेवरचं आख्यान गिळणं किती कठीण असतं हे कीर्तनवेड्यालाच कळेल, औषधाची कडू गोळी त्यापुढे काहीच नाही.

“आज कीर्तन नाही,” ते म्हणाले. “आज ऑर्केस्ट्रा आहे. गाणारा झोपला, ती आमची चूक. पण कीर्तनात बुवा काय एकटा गातो का? ध्रुपद तर लोकच उचलतात. इथं कोणाले गाणे येत नाहीत, हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही.

“मग झालं. पहिलं गाणं...” त्यांनी घसा खाकरला. “ललिताबाई, कोणतं म्हणता?”

बायकोला त्यांनी चारचौघांत पहिल्यांदा नावाने हाक मारली होती, तीही लाउडस्पीकरवरून. त्या लाजल्या, मग एका गाण्याचं नाव घेतलं. प्रविण मास्तरांचे डोळे चमकले. तीनशे माणसांतून “वा!” निघालं. ते गाणं माहीत नसलेला त्या हॉलमध्ये एकच माणूस होता आणि तो माइकसमोर उभा होता. रोज दुपारी दुकानातल्या रेडिओवर ते लागत असे, असं त्यांना नंतर कळलं.

मास्तरांनी काडी उचलली. आठ वायोलिन एकदम उठल्या. भोंगे आले, ढोलक आली, आणि गायकाची जागा आली. शांतता. वासुदेवरावांनी डोळे मिटून, अभंगाच्या चालीत, चुकीचा शब्द लावला.

“तसं नाही जी!” तिसऱ्या रांगेतून दोन-चार बायका ओरडल्या, आणि कसं ते दाखवायला म्हणून गायला लागल्या. मास्तर हसत हसत परत पहिल्यापासून आले. या वेळी अर्धा हॉल गात होता. कडव्याला सगळा. ललिताबाई गात होत्या, एक हात नाडीवर, डोळे घड्याळावर, पण गात होत्या, आणि त्यांचा आवाज गोड आहे ही आणखी एक बातमी वासुदेवरावांना त्या दिवशी मिळाली.

दुसरं गाणं रंगात आलं आणि दारातून एक ट्रक ड्रायव्हर आत आला. हातात चिठ्ठी, कपाळाला रुमाल, अंगात ताप. पाटी वाचून आला होता. तो पहिल्या रांगेपर्यंत आला आणि गोंधळला. कारण महिला मंडळाने त्या दिवसासाठी एकच रंग ठरवला होता. पहिल्या दोन रांगांत सव्वीस निळ्या साड्या बसल्या होत्या, आणि सोफा घुसवताना तिसरी खुर्ची सरकून उजवीकडून तिसऱ्या जागी आता सोफ्याचं टोक आलं होतं. “निली साडी कौन है?” असं विचारत तो एकेकीसमोर हात जोडू लागला. वासुदेवराव माइकवरून खुणा करत होते, तो त्यांना नमस्कार करत होता.

ललिताबाईंनी मात्र त्याला पाहिलं. गाणं त्यांच्या ओठांवर अर्ध्यात थांबलं. सवयच ती. एका हातातून नाडी सुटेना, बाकीचं शरीर उठायला लागलं. ती गेली तर परत येणार नाही, एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं उभं राहतं, हे वासुदेवरावांना पक्कं माहीत होतं.

पण त्यांच्याआधी दुसऱ्या रांगेतून भय्याजी उठले. ड्रायव्हरच्या हातातून चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली, आणि स्टेजकडे पाहिलं. नजरेनेच विचारलं: जाऊ?

भय्याजी. आपल्या काउंटरमागे. सगळ्या फळ्या, सगळा माल, सगळे गुरुजी! वासुदेवरावांच्या डोळ्यांसमोर सगळं दुकान उघडं पडल्यासारखं झालं. गाणं चालूच होतं, तीनशे लोक त्यांच्याकडे बघत होते, ललिताबाई अर्ध्या उठलेल्या, अर्ध्या बसलेल्या.

त्यांनी कंबरेची चावी काढली, गल्ल्याचीच, आणि स्टेजवरून फेकली. भय्याजींनी ती झेलली आणि तापलेल्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले. ललिताबाई सावकाश बसल्या. पुढचं कडवं सुटून गेलं होतं, पण मास्तरांनी ते पुन्हा घेतलं.

साडेआठला मध्यंतर झालं आणि सचिन उठून बसला. त्याने सोफा पाहिला, निळ्या साड्या पाहिल्या, आणि विचारलं, “सुरू करायचं का?” त्याचा घसा झोपेने खणखणीत मोकळा झाला होता. ललिताबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, नाडी सांगितली, डॉक्टरीणबाईंनी त्याच्याशी बोलून बघितलं, आणि बसून गायची परवानगी मिळाली. चौतीस केमिस्टांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. एकाने खिशात हात घातला, ललिताबाईंनी पाहिलं, हात बाहेर आला.

मग त्या उठल्या आणि दुकानाकडे निघाल्या. वासुदेवराव मागोमाग. आता संपलं, त्यांना वाटत होतं. जेवढं मिळालं तेवढंच तिच्या वाट्याचं.

काउंटरमागे भय्याजी बसले होते. समोर तीन गिऱ्हाइकं. नवल म्हणजे ते फळ्यांकडे बघतही नव्हते, मान खाली घालून प्रत्येक वस्तू हाताने चाचपडून काढत होते, जणू दुसऱ्याच्या देवघरात शिरलेत. “या वहिनी,” ते घाईने उठले. “घ्या तुमचं दुकान.”

ललिताबाईंनी दुकानाकडे पाहिलं. काउंटर, तराजू, रेडिओ, भिंतीवरचं सर्टिफिकेट. मंगल कार्यालयातून वायोलिनचा सूर आला.

“बसा तुम्ही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “अजून अर्धा प्रोग्राम बाकी आहे.” आणि वळून चालायला लागल्या.

भय्याजी उभेच राहिले. मग वासुदेवरावांना म्हणाले, “बरं, या आजीले खोकल्याचं औषध पाहिजे, लहान बाटली. कुठं ठेवता?”

वासुदेवरावांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. दुकान त्यांचं, आणि बाटली कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मधला खण, मागच्या बाजूने!” रस्त्यावरून आवाज आला. ललिताबाईंनी वळूनही पाहिलं नव्हतं. निळी साडी दारात दिसली, आत गेली, आणि आतून सचिनचा आवाज उठला, आधी पुरुषाचा, मग बाईचा, मग तीनशे जणांचा.

बाटली मधल्या खणातच होती. ती आजीच्या हातात देऊन वासुदेवराव बाहेरच्या बाकावर, गिऱ्हाइकांच्या जागी बसले, आणि पुढचं गिऱ्हाईक येण्याआधी गाण्याचे शब्द पाठ होतात का ते बघू लागले.